भाडेकरूचा नकार

आई म्हणायची, ताटलीतला शेवटचा बटाटा कुणी पुढे केला तर आधी नको म्हणायचं.

*

बाहेरच्या भिंती: वालुकाश्म, भरीव. आतून अस्तर नाही, असे गृहीत धरले आहे. दर्जा: एफ.

*

माझा नवरा क्लिफ जिना चढताना चौथ्या पायरीवर दम घ्यायला बसतो. मागच्या वर्षी सातव्या पायरीवर बसायचा.

*

मागच्या खोलीतला वॉलपेपर जानेवारीत भिंत सोडतो. मी टाचण्या मारते. ओलीने गिलावा इतका मऊ झालाय की टाचणी अंगठ्यानेच आत जाते, हातोडी लागत नाही.

*

नेव्हिलच्या चहात दोन चमचे साखर. त्याचा कप आमच्याकडे वेगळा, निळ्या पट्ट्यांचा.

*

एकोणीस नंबरची बोझेना म्हणाली, "हो. केव्हा?"

*

मार्चमध्ये पालिकेने इंकरमन स्ट्रीटवरच्या दिव्याच्या प्रत्येक खांबाला एक कागद बांधला, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून. यापुढे आमच्या गल्लीत घर भाड्याने द्यायचं तर घरमालकाला परवाना काढावा लागणार. परवाना देण्याआधी पालिका माणूस बघणार आणि घरही बघणार. प्रत्येक घराला किती ऊब धरून ठेवता येते याचा दाखला असतो, त्यावर एक अक्षर असतं. ए म्हणजे उत्तम. ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. आमचं एफ.

मेथॉडिस्ट हॉलमध्ये सभा झाली. सगळे आपापल्या मालकाला शिव्या घालत होते. कुणाचं छत गळतं, कुणाच्या मालकाचा चेहराच गेल्या सहा वर्षांत कुणी बघितलेला नाही. मी उठून उभी राहिले. आमचा नेव्हिल तसा नाही, म्हणाले. नाताळच्या आदल्या दिवशी बॉयलर बंद पडला तेव्हा स्वतः येऊन गुडघ्यांवर बसून दुरुस्त केला त्याने.

समोरच्या घरातली डोरीन मागच्या रांगेतून ओरडली, "मग काय, बसस्टॉपवर पुतळा उभारू या का तुझ्या नेव्हिलचा? पावसात आम्हाला आडोसा तरी होईल!"

सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले, पण बसले नाही. पालिकेच्या माणसाला म्हटलं, लिहून घ्या, तेवीस नंबरची लॉर्ना ड्यूहर्स्ट म्हणते की नेव्हिल कँटवेल चांगला मालक आहे.

त्याने लिहून घेतलं.

*

नेव्हिल कोण? सात नंबरला वाढलेला पोरगा. क्लिफ आणि तो पंधराव्या वर्षी एकाच सोमवारी सपातांच्या कारखान्यात लागले. क्लिफ नमदा, म्हणजे दाबलेली जाड लोकर, कापायचा, नेव्हिल तळवे चिकटवायचा. कारखाना बंद झाला तेव्हा क्लिफने मिळालेल्या पैशांतून गाडी घेतली. नेव्हिलने घर घेतलं. मग आणखी एक. असं करत आमच्या गल्लीत सहा. त्यातलं एक आमचं, सत्तावीस वर्षं.

क्लिफच्या छातीत अजून तो नमद्याचा भुसा आहे, असं डॉक्टर म्हणतात. नेव्हिलच्या छातीत काही नाही. तो खिडकीजवळ बसायचा.

*

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. क्लिफ सकाळीच छातीच्या दवाखान्यात गेला होता, बसने. अकराच्या सुमाराला नेव्हिल आला. हातात कागद लावलेली फळी.

"एकटीच?"

"क्लिफ दवाखान्यात. ये, किटली आत्ताच ठेवलीय."

"घाईत नाहीस ना?"

"मला कसली घाई? राजवाड्यावर थोडंच जायचंय जेवायला."

तो क्लिफच्या खुर्चीत बसला. मी निळ्या पट्ट्यांचा कप काढला, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"पालिकेची डोकी फिरलीयेत, लव्ह," तो म्हणाला. आमच्याकडे शेजारणीलाही लव्हच म्हणतात. "म्हणतात भिंतींना आतून अस्तर लावा."

"म्हणजे काय करायचं?"

"ऊब धरणाऱ्या पाट्या ठोकायच्या. इतक्या जाड." त्याने अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. "खोल्या तेवढ्या लहान होणार. सगळं सामान बाहेर काढायचं. खिडक्यांच्या चौकटी उखडायच्या. आणि धूळ! महिनाभर तरी. क्लिफची छाती बघता..."

"महिनाभर?"

"मी तयार आहे हं. तू म्हणशील तर सोमवारी माणसं पाठवतो."

मी म्हणाले, "नको रे बाबा, आमच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आमचं चाललंय."

आणि चहा ढवळत राहिले. माझ्या चहात साखर नसते.

नेव्हिलने दुसरं बिस्किट उचललं. खाल्लं. बोटं पुसली.

"मग इथे जरा सही कर. मी विचारलं होतं, एवढ्यापुरतं."

वरची ओळ मी वाचली. घरमालकाने सुधारणेबाबत भाडेकरूकडे विचारणा केली. खरंच होतं ते. मी सही केली.

जाताना तो दारात थांबला. मला वाटलं, आता म्हणेल.

"गुलाब छान आलेत," तो म्हणाला.

*

ही आमच्याकडची रीत आहे. कुणी शिकवत नाही, पण येते सगळ्यांना. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. नको, कशाला त्रास, आमचं चाललंय. मग समोरच्याने म्हणायचं, अगं त्रास कसला, घे की. मग आपण म्हणायचं, बरं, तू एवढं म्हणतोसच तर. पहिलं 'नको' हे उत्तर नसतंच. दार वाजलं की आपण "कोण आहे?" म्हणतो ना, तसं ते. त्यावर कुणी परत जात नाही.

इंकरमन स्ट्रीटवर जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

*

नोव्हेंबरात एकोणीस नंबरसमोर व्हॅन आली. पाट्या उतरल्या, दोन माणसं उतरली. एकोणीसमध्ये बोझेना आणि तिचा नवरा राहतात, पोलंडहून आलेले. दोघं बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर. तेही नेव्हिलचंच घर.

क्लिफ खिडकीत उभा राहून बघत होता.

"बघ," मी म्हटलं, "सुरुवात केली त्याने. लहान मुलं असलेल्या घरापासून. बरोबरच आहे. मग आपलं."

क्लिफने श्वासाचा पंप काढून दोनदा ओढला.

मी मागच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून ठेवलं. माणसं आली की त्यांना हात घालायला जागा. कपाटामागची भिंत काळी पडली होती, कुणी ओल्या कोळशाने रंगवावी तशी. ब्लीचने पुसली. दुसऱ्या आठवड्यात परत काळी.

नाताळ आला तरी व्हॅन आमच्या दारापर्यंत आली नाही.

*

आल्याचा केक केला आणि एकोणीसला घेऊन गेले. बोझेनाने दार उघडलं. ती अर्ध्या बाह्यांत होती. डिसेंबरात, अर्ध्या बाह्यांत.

"केक आणलाय. तुम्हाला आवडेल की नाही कुणास ठाऊक."

"हो, आवडेल," ती म्हणाली आणि तिथेच दारात एक तुकडा तोंडात टाकला. "छान आहे. अजून आहे?"

मला हसू आलं. आत गेले. समोरच्या खोलीत तिची लहान मुलगी जमिनीवर अनवाणी बसून चित्रं रंगवत होती. मी बाहेरच्या भिंतीला तळहात लावला. भिंतीला लावल्यासारखा वाटलाच नाही तो हात. गार लागलं नाही, ओलं लागलं नाही, काहीच लागलं नाही.

"बरं वाटतं ना?" बोझेना म्हणाली. "आता पोरगी खोकत नाही."

"आमच्याकडे केव्हा येणार म्हणाला काही नेव्हिल?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमच्याकडे? नेव्हिल म्हणाला, तेवीसला नको आहे. खोली लहान होते म्हणून."

"असं म्हणाला?"

"हो. मला वाटलं, विचित्र आहे. पण विचारलं नाही. तुमच्याकडच्या पुष्कळ गोष्टी मी विचारत नाही."

"तुम्हाला त्याने काय विचारलं होतं?"

"तेच. पाट्या, धूळ, महिना. मी म्हटलं, हो. केव्हा?" ती खांदे उडवून हसली. "त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. चहासुद्धा पूर्ण प्याला नाही."

*

छातीच्या दवाखान्यातल्या नर्सने क्लिफला यंत्रात फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि विचारलं, झोपता कुठल्या खोलीत? मी सांगितलं. मागची खोली म्हटल्यावर तिने पालिकेला कळवलं. असं ते पालिकेतर्फे घरं तपासणाऱ्या मिस मीरपर्यंत पोचलं.

मिस मीर तिशीतली, आमच्याच गावची. बाजाराच्या मागे तिच्या बापाचं चपलांचं दुकान होतं, मला आठवतं ते. तिने कोट काढला नाही. भिंतीला यंत्र लावलं, मग कॅमेऱ्यासारखं, ऊब दाखवणारं दुसरं काढलं आणि त्याच्या पडद्यावर आम्हाला खोली दाखवली. भिंत गडद निळी. खुर्चीत बसलेला क्लिफ नारिंगी, कडांना पिवळट.

"मेणबत्तीसारखा दिसतोय मी," क्लिफ म्हणाला.

मिस मीरने मांडीवरच्या संगणकावर काहीतरी शोधलं. बराच वेळ वाचत राहिली.

"मिसेस ड्यूहर्स्ट, या घराला सवलत आहे. अस्तर लावायची सक्ती नाही. पाच वर्षं."

"कसली सवलत?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. ही नोंद कुणालाही बघता येते म्हणे, कुठेही बसून. आमच्या घराचा पत्ता. खाली:

सवलतीचे कारण: भाडेकरूने नकार दिला.

"मी नकार दिला नाही," मी म्हणाले.

"ही सही तुमची आहे?"

"सही माझी आहे. नकार माझा नाही."

"नेमकं काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं. मिस मीरने डोळे मिटले आणि कपाळ चोळलं.

"माझी आजी शेजारणीच्या दारात ताटली घेऊन उभी राहायची," ती म्हणाली. "तीनदा आग्रह केल्याशिवाय परत यायची नाही. आमच्यातही असंच असतं, मिसेस ड्यूहर्स्ट. मला कळतं. पण फॉर्मवर चौकोन एकच आहे."

"मग आता?"

"आता तुम्ही हो म्हणालात तरी त्यांच्यावर बंधन नाही. पाच वर्षं."

पाच वर्षं. मी क्लिफकडे बघितलं नाही. सातवरून चारवर यायला त्याला एकच हिवाळा लागला होता.

"एक रस्ता आहे," मिस मीर म्हणाली. "सही कशासाठी घेतायत हे तुम्हाला सांगितलं नसेल, तर ती नोंद खोटी ठरते. मी ती काढून टाकायला लावू शकते. मग त्यांना पुढच्या हिवाळ्याच्या आत भिंत करावीच लागेल. त्यांचा परवाना अजून मंजूर व्हायचाय, तिथेही हे बघितलं जाईल. पण मला जबाब हवा. दोघांचा. करारावर दोघांची नावं आहेत."

"देतो की," मी म्हणाले.

क्लिफला खोकला आला. तो बराच वेळ खोकत होता.

*

हिवाळ्यात हिरवळीवर चेंडू घरंगळवायचं मैदान बंद असतं, पण बोलिंग क्लबची खोली उघडी असते. म्हातारे तिथे डॉमिनो खेळतात. नेव्हिल कोपऱ्यातल्या टेबलाशी होता.

"नेव्हिल, जरा बाहेर ये."

"बाहेर थंडी आहे, लव्ह."

"आमच्या मागच्या खोलीपेक्षा बरी आहे. ये."

टेबलावरचे तिघे एकदम आपापल्या सोंगट्या मोजायला लागले. नेव्हिल उठला. आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहिलो. हिरवळीवर गोठलेलं दव होतं.

"तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस," मी म्हणाले.

"काय दुसऱ्यांदा?"

"वेड पांघरू नकोस. तुझ्या आईच्या हातचा केक मी कधी एकदा तरी पहिल्या खेपेला घेतलाय? सांग ना. आणि ती कधी एकदाच विचारून डबा बंद करायची?"

त्याने हात खिशात घातले.

"कायद्यात दुसरी खेप नसते, लॉर्ना."

"मी कायद्याबरोबर चहा पीत नव्हते. तुझ्याबरोबर पीत होते."

"तू नको म्हणालीस. मी लिहून घेतलं. यात खोटं काय आहे?"

"बोझेना हो म्हणाली तर तिला केलंस."

"काय करणार? ती सरळ हो म्हणाली!" तो खरोखरच वैतागून म्हणाला, जणू बोझेनाने त्याचा खिसा कापला होता. "चार घरं नको म्हणाली, दोन हो म्हणाली. मी सगळ्यांना विचारलं."

"चार घरं कुठली ते माहीतेय मला. सगळी आपली. सगळी इथे जन्मलेली."

त्याने बुटाच्या टोकाने दव खरवडलं.

"सभेत उभी राहिले मी तुझ्यासाठी. डोरीन हसली मला. चाळीस माणसं हसली."

"मी सांगितलं नव्हतं उभी राहायला."

मला वाटलं, हा आता म्हणेल, चुकलं. एवढंच म्हणाला असता तरी मी घरी गेले असते. मी तशीच आहे. पण त्याने वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, वैताग होता.

"माझ्यावर तोंड सोडण्याआधी घरी विचार," तो म्हणाला. "मंगळवारी ये, तेव्हा ती एकटी असते, असं मला कोण म्हणालं ते विचार."

*

"त्या मंगळवारी तू कुठे होतास?"

"दवाखान्यात."

"क्लिफ."

"बसमध्ये," तो म्हणाला. मग श्वास घ्यायला थांबला. "बसलो होतो नुसता. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो."

मी कोट काढला नव्हता. तो खुर्चीत होता, गुडघ्यांवर गोधडी.

"नेव्ह म्हणाला, सहाही घरांची कामं गळ्यात पडली तर तो सगळं विकून मोकळा होईल. नवा मालक कोण येईल, काय ठाऊक. त्याला आपण कशाला हवे? आणि मी कुठे जाणार या वयात? कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर?"

"मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. हट्टाने."

"म्हणून?"

"थंडी मला वाजते, लॉर्ना. छाती माझी आहे. मी म्हटलं, मी सोसेन."

"म्हणून तू त्याला काय सांगितलंस?"

तो गोधडीचा धागा ओढत होता.

"काय सांगितलंस, क्लिफ?"

"म्हटलं, एकदाच विचार. ती नकोच म्हणेल."

*

क्लिफने मला लग्नाचं विचारलं ते सपातांच्या कारखान्याच्या फाटकात, सुटीच्या भोंग्यानंतर. मी म्हटलं, चल, काहीतरीच! पुढच्या शुक्रवारी त्याने तिथेच परत विचारलं. मी बरं म्हणाले. मधल्या आठवड्यात मी त्याला नाकारलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्याच्या आईने तर पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

*

त्या आठवड्यात आमच्या घरात बोललेली वाक्यं:

मीठ दे.

पंप कुठेय?

दूध संपलंय.

बुधवारी दुपारी मी म्हणाले, "उद्या ती मिस मीर येईल. मी सांगणार आहे की आपल्या दोघांना काही माहीत नव्हतं."

"पण मला तर..."

"तुझ्या छातीसाठी खोटं बोलणार आहे मी. तू काही बोलू नकोस. फक्त मान हलव आणि सही कर. जमेल एवढं?"

"बरं," तो म्हणाला.

मी त्याला क्षमा केली नव्हती. तेही सांगितलं. म्हटलं, भिंत होऊ दे, मग भांडू. गरम खोलीत भांडू.

तो हसला. त्या आठवड्यातलं पहिलंच.

*

गुरुवारी मिस मीर दहाला आली. आज तिच्याबरोबर जबाबाचा कागद होता. मी काय बोलते ते तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. सही कशासाठी आहे हे घरमालकाने मला सांगितले नाही. अस्तर लावण्यास माझा विरोध नव्हता व नाही. मी सही केली. पुढचं वाक्य, सहीचा हेतू दोघांनाही माहीत नव्हता हे, खोटं होतं, ते दोघांच्या वतीने होतं, आणि त्याखाली क्लिफची सही हवी होती.

मिस मीर त्याच्याकडे वळली.

"मिस्टर ड्यूहर्स्ट, या कागदाबद्दल तुम्हाला आधी काही माहिती होती?"

क्लिफने तिच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. समोरच्या फुटपाथवर डोरीन कचऱ्याचा डबा ओढत होती.

"होती," तो म्हणाला.

मिस मीरचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने ते उचललं. माझ्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे. तिला कळलं होतं, मला खात्री आहे.

"मी प्रश्न नीट विचारला नाही बहुतेक," ती सावकाश म्हणाली. "परत विचारते. घाई नाही. या सहीचा उपयोग कशासाठी होणार आहे, हे तुम्हाला माहीत होतं का, मिस्टर ड्यूहर्स्ट?"

एवढं कुणी कुणासाठी करत नाही. पालिकेतलं माणूस तर नाहीच.

"माहीत होतं," क्लिफ म्हणाला. "मीच नेव्हला मंगळवारी बोलावलं. लॉर्नाला माहीत नव्हतं. मला होतं."

मिस मीरने पेनाचं टोपण लावलं.

"मग मला काही करता येणार नाही," ती म्हणाली. हे ती माझ्याशी बोलली. "एका भाडेकरूला माहीत होतं, त्याची संमती होती. सवलत राहते. मी हे ऐकलंच नाही, असं मला करता येत नाही, मिसेस ड्यूहर्स्ट."

"नाही," मी म्हणाले. "कळतं मला."

तिने मला भिंतीवरच्या बुरशीसाठी एक पत्रक दिलं. खिडकी रोज दहा मिनिटं उघडी ठेवा. ओले कपडे घरात वाळत घालू नका. दारापर्यंत मी सोडायला गेले. तिने माझा दंड धरला, क्षणभर, आणि सोडला.

परत आले तेव्हा क्लिफ खुर्चीतच होता.

"नेव्हविरुद्ध खोटं कसं बोलू?" तो म्हणाला. "पंधराव्या वर्षापासून ओळखतो मी त्याला."

मी कप गोळा केले.

"आणि आता तो विकणार नाही. त्याला कळेल मी शब्द पाळला. घर तरी राहील, लॉर्ना. तुझ्यासाठीच केलं मी. तुला कुठे जावं लागू नये म्हणून." त्याला धाप लागली होती, पण तो थांबत नव्हता. "काहीतरी बोल की."

मी मागच्या खोलीत गेले आणि कपाट ढकलत ढकलत परत भिंतीला लावलं. एकटीने. त्याला हाक मारली नाही, आणि तो आला नाही. नंतर माझं अंथरूण उचलून समोरच्या खोलीतल्या सोफ्यावर नेलं. त्याचं तिथेच ठेवलं, जिथे होतं तिथे.

*

हे नंतर कळलं: त्या मंगळवारच्या आधी, जुलैमध्येच, नेव्हिलने मागच्या अल्मा स्ट्रीटवर आणखी दोन घरं विकत घेतली होती.